विश्लेषण : दोन ओळी वगळल्या आणि कुलपे कच्ची राहिली... मालवणच्या व्यवहाराला त्याचे काय?

सुरक्षेसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल चुकला तर दोन गोष्टी होऊ शकतात. सगळे एकदम बंद पडते आणि जगाला लगेच कळते. किंवा काहीच बंद पडत नाही आणि चूक कित्येक महिने कुणाला दिसत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकाराची गाजावाजाविना घडलेली घटना त्याआधीची, २००६ ते २००८ मधली आहे. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सुरक्षेच्या एका लायब्ररीतून कोडच्या दोन ओळी वगळल्या गेल्या. कुठलाही संगणक बंद पडला नाही, कुठलीही तक्रार आली नाही. फक्त त्या काळात तयार झालेल्या डिजिटल किल्ल्या कुणालाही बनवता येतील इतक्या कच्च्या निघाल्या. शहाळेवाल्यापासून होमस्टेपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड पोहोचलेल्या मालवण किनाऱ्यासारख्या भागाने ही जुनी घटना समजून घ्यायला हवी. कारण अशा चुकीचा भार शेवटी तिथे पडतो, जिथे संगणकाकडे पाहणारा स्वतंत्र माणूस नसतो.

डेबियनमध्ये नेमके काय घडले?

लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीमचे अनेक प्रकार आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन ही त्यातील जुनी आणि विश्वासाची. ती स्वयंसेवक चालवतात. त्यातील प्रत्येक सॉफ्टवेअर ते स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी लिहिलेले घेतात, आपल्या प्रणालीत नीट बसेल असे किरकोळ बदल करतात आणि वापरकर्त्यांना देतात. ओपनएसएसएल ही अशीच बाहेरून घेतलेली एक लायब्ररी. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामना वारंवार लागणारी कामे आधीच लिहून ठेवलेला कोडचा संच. माहिती कूटबद्ध करणे, डिजिटल किल्ल्या तयार करणे, समोरचा संगणक खरा की तोतया हे ओळखणे, ही कामे ओपनएसएसएल करते. संकेतस्थळाच्या पत्त्याआधी जे ‘एचटीटीपीएस’ असते, त्यामागे अनेकदा हीच लायब्ररी असते.

२००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकासमोर एक तक्रार आली. कोडमधल्या चुका शोधणारे एक साधन ओपनएसएसएल वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये सारखा इशारा देत होते. आधी काहीही न भरलेली मेमरी इथे वाचली जात आहे, असे त्याचे म्हणणे. एरवी हा इशारा रास्त असतो. पण ओपनएसएसएलमध्ये ते जाणूनबुजून केलेले होते. स्वयंसेवकाने इशारा देणाऱ्या दोन ओळी शोधल्या, त्या काढल्या तर चालेल का, असे ओपनएसएसएलशी संबंधित मंडळींना विचारले. चुका शोधायला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ओळी वगळल्या गेल्या. सप्टेंबर २००६ मध्ये हा बदल डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीत आला आणि एप्रिल २००७ मधील स्थिर आवृत्तीसोबत सगळीकडे पोहोचला.

त्या दोन ओळी कशासाठी होत्या?

डिजिटल किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती कुणाला ओळखता येऊ नये, एवढीच तिची खरी ताकद. म्हणून ती तयार करताना संगणक अंदाज बांधता येणार नाही अशा गोष्टी गोळा करतो. ऑपरेटिंग सिस्टीमने हार्डवेअरच्या बारीकसारीक हालचालींतून साठवलेले आकडे हा त्यातला मुख्य भाग. हे सगळे एका ‘हौदात’ ओतून ढवळले जाते आणि त्यातून किल्ली निघते.

वगळलेल्या दोन ओळी दिसायला सारख्याच होत्या, काम मात्र वेगळे होते. एक ओळ खरोखरच फारशी महत्त्वाची नव्हती. तिच्यामुळे रिकाम्या मेमरीतला गाळ हौदात पडे. पडला तर ठीक, नाही पडला तरी बिघडत नव्हते. दुसरी ओळ मात्र हौदात पाणी आणणारी होती. बाहेरून गोळा केलेली सगळी ‘अनिश्चितता’ तिच्यातूनच आत येत होती. तीही गेली. कोकणातल्या वाडीत माडा-पोफळींना पाणी देणारा पाट असतो. एका बाजूने गढूळ पाणी येते म्हणून कुणी तक्रार करावी आणि दुरुस्ती करणाऱ्याने गढूळ धारेबरोबर मुख्य पाटाचे तोंडही बुजवावे, तसे हे झाले. फरक एवढाच, की वाडी चार दिवसांत सुकलेली दिसते. इथे सुकलेले काहीच दिसत नव्हते.

कुलूप कच्चे म्हणजे किती कच्चे?

हौदात जाणारे सगळे बंद झाल्यावर एकच बदलती गोष्ट उरली : त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रामला लिनक्सने दिलेला क्रमांक. हा क्रमांक त्या काळी नेहमीच्या व्यवस्थेत ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे ठरावीक प्रकारच्या संगणकावर ठरावीक प्रकारची आणि लांबीची किल्ली बनवली, तर ती फार तर ३२,७६८ किल्ल्यांपैकी एक असणार.

एटीएमच्या चार अंकी पिनमध्ये १०,००० शक्यता असतात. जगभरातील सर्व्हरचे रक्षण करणारी किल्ली त्या पिनच्या जेमतेम सव्वातीनपट भक्कम उरली होती. शिवाय एटीएम तीनदा चुकल्यावर कार्ड अडवते. इथे हल्लेखोराला घरबसल्या सगळ्या किल्ल्या आधीच तयार करून ठेवता येत होत्या. दोष जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच अशा तयार किल्ल्यांचे संच उपलब्धही झाले. एखाद्या सर्व्हरची सार्वजनिक किल्ली यादीशी ताडून पाहायची, की तिची जोडीदार गुप्त किल्ली हातात. कुलूप फोडण्याचा प्रश्नच नाही.

कुणाच्या लक्षात का आले नाही?

कारण सगळे काही चालत होते. किल्ली तयार होत होती, तिची लांबी नियमाप्रमाणे होती, कुलूप लागत होते आणि मालकाच्या किल्लीने उघडतही होते. आपण बाजारातून कुलूप आणतो तेव्हा आपली किल्ली त्याला लागते का, एवढेच पाहतो. शेजाऱ्याची किल्ली लागत नाही ना, हे कुणी पाहत नाही. सॉफ्टवेअरच्या चाचण्याही बहुतेक अशाच असतात. जे व्हायला हवे ते होते का, हे त्या तपासतात. जे होता कामा नये ते होत नाही ना, याची चाचणी लिहिणे अवघड असते आणि म्हणून ती राहून जाते.

लुसियानो बेल्लो या अर्जेंटिनाच्या विकासकाला २००८ मध्ये हा दोष सापडला. १३ मे २००८ रोजी डेबियनने तो जाहीर केला. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूच्या ७.०४, ७.१० आणि ८.०४ या आवृत्त्यांतही तो वारशाने गेला होता. सुमारे वीस महिने जगातल्या असंख्य संगणकांनी या हौदातून किल्ल्या काढल्या होत्या.

दुरुस्ती झाली, तरी धोका का उरला?

या प्रकरणातला हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. वगळलेली ओळ परत घालणे सोपे होते. अपडेट त्याच दिवशी आले. पण अपडेटने कोड सुधारतो, आधी बनलेल्या किल्ल्या नाही. कच्च्या किल्ल्या होत्या तिथेच राहिल्या. त्या शोधून, रद्द करून, नव्या बनवणे हे काम प्रत्येकाने स्वतः करायचे होते. डेबियनने कच्च्या किल्ल्यांची काळी यादी आणि त्या ओळखणारे साधनही दिले. तरीही अडचण होती, कारण किल्ल्या प्रवास करतात. एखाद्याने डेबियनच्या लॅपटॉपवर बनवलेली किल्ली भलत्याच सर्व्हरवर नेऊन ठेवलेली असू शकते, आणि त्या सर्व्हरने डेबियनचे तोंडही पाहिलेले नसते. डीएसए प्रकारच्या किल्ल्यांचे तर आणखी कठीण. त्या बाहेर नीट बनवलेल्या असल्या, तरी सदोष संगणकावर सहीसाठी नुसत्या वापरल्या तरी धोक्यात येत.

अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने दोष जाहीर झाल्यानंतर चौथ्या दिवसापासून अनेक महिने इंटरनेटवरील सर्व्हरची पाहणी केली. सुरुवातीला कच्चे आढळलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के सर्व्हर जवळपास सहा महिन्यांनीही तसेच होते. पुढे २०१५ मध्ये बेन कॉक्स या अभियंत्याने गिटहबवर विकासकांनी ठेवलेल्या सार्वजनिक किल्ल्या तपासल्या, तेव्हा त्यातही २००८ च्या काळ्या यादीतल्या किल्ल्या निघाल्या. गिटहबने त्या रद्द केल्या. दोष जाहीर होऊन तेव्हा सात वर्षे उलटली होती.

असे पुन्हा घडले का?

घडले, आणि वेगवेगळ्या वाटांनी घडले. डेबियनमध्ये ओळी काढल्यामुळे घोळ झाला. ‘हार्टब्लीड’मध्ये ओळी वाढवल्यामुळे. ओपनएसएसएलमध्येच २०११ च्या शेवटी एक नवी सोय घातली गेली. दोन संगणकांतला संपर्क जिवंत आहे का, हे पाहण्याची. समोरच्याने किती माहिती परत मागितली आहे, हे पडताळायचे राहून गेले. परिणामी सर्व्हरच्या मेमरीतील मजकूर, प्रसंगी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही, बाहेरून वाचता येत होत्या. ७ एप्रिल २०१४ रोजी हे उघड झाले तेव्हा नेटक्राफ्ट या संस्थेच्या अंदाजाने जगातील सुमारे १७ टक्के सुरक्षित संकेतस्थळे, म्हणजे सुमारे पाच लाख, या कचाट्यात होती.

तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरण्यासाठी ओपनएसएसएच हा प्रोग्राम वापरतात. जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरचा कारभार त्यातूनच चालतो. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्यातील एक गंभीर दोष जाहीर केला. क्वालिसचे मुख्यालय अमेरिकेत असले तरी कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात आहे आणि तिचे प्रमुख सुमेध ठाकर हे पुणे विद्यापीठाचे संगणक अभियंता.

दोषाचे स्वरूप असे : लॉगिन करणाऱ्याने ठरलेल्या वेळेत, सहसा १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही, तर सर्व्हर आवराआवर सुरू करतो. ही आवराआवर दुसरे काम अर्धवट असताना मध्येच घुसली, तर मेमरीत गोंधळ होऊ शकतो आणि नेमकी वेळ साधणाऱ्या हल्लेखोराला सर्व्हरचा ताबा मिळू शकतो. हे धोक्याचे आहे, हे २००६ मध्येच कळले होते आणि तेव्हाच बंदोबस्तही झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदी ठेवण्याच्या कोडची फेररचना करताना तो बंदोबस्त नकळत निघून गेला. इंटरनेटवर दिसणारे १ कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर संभाव्य धोक्यात असल्याचे क्वालिसने म्हटले. जुने दुखणे औषधाने बरे व्हावे आणि चौदा वर्षांनी कुणीतरी कपाट आवरताना ते औषधच टाकून द्यावे, असा हा प्रकार.

तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. बदल करणाऱ्याचा हेतू चांगला होता. कुणी इशारे कमी करत होते, कुणी सोय वाढवत होते, कुणी कोड नीटनेटका करत होते. आणि तिन्ही वेळा बदलानंतर सगळे व्यवस्थित चालले.

मग बदल करूच नयेत का?

‘चाललेय ना, मग हात लावू नका’ हा आपल्याकडचा आवडता सल्ला आहे. कार्यालयात, दुकानात, सायबर कॅफेत तो सर्रास ऐकू येतो. वरच्या घटना वाचून तो शहाणपणाचा वाटेलही. पण २०१७ ने त्याची किंमत दाखवली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका भगदाडाची दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ शिरला. २७ जूनला आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही पसरण्यासाठी तेच भगदाड वापरले. त्याचा फटका महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही बसला. मर्स्क समूहाच्या संगणकयंत्रणा जगभर कोलमडल्या आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम विस्कळीत होऊन कंटेनर अडकले.

गंमत अशी, की हाच नॉटपेट्या मुळात शिरला तो युक्रेनमधील एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट न घेणारेही बुडाले आणि अपडेट घेणारेही. यातून ‘अपडेट वाईट’ किंवा ‘अपडेट चांगले’ असा सोपा निष्कर्ष निघत नाही. एवढेच निघते, की बदल कुणी केला, कुणी तपासला आणि तो आपल्याकडे कुठल्या वाटेने आला, याची माहिती असल्याशिवाय सुरक्षा ही नुसती समजूत असते.

मालवणशी संबंध काय?

सिंधुदुर्ग किल्ला जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. चिपीचे विमानतळ २०२१ पासून आहे. तारकर्ली, देवबाग, चिवला भागातली पर्यटकांची वर्दळ आणि तिच्यामागोमाग येणारा डिजिटल व्यवहार कमी होणार नाही. खोलीचे आरक्षण, स्कूबाची आगाऊ रक्कम, पाहुण्यांच्या आधार कार्डाच्या प्रती, सीसीटीव्हीचे चित्रण, वायफायचा राउटर या सगळ्यांच्या पोटात कुठली ना कुठली सुरक्षा लायब्ररी असते. राउटर आणि सीसीटीव्हीच्या डब्यात तर बहुधा लिनक्सचेच छोटे रूप असते. तो डबा विकत घेतल्यापासून बंद पडेपर्यंत एकदाही अद्ययावत होत नाही, हे कुणीही आपल्या घरात पाहून खात्री करू शकतो.

सरकारी बाजूही याच नात्यात आहे. सी-डॅकने सरकारी वापरासाठी विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम डेबियनवर आधारित आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या संगणकांसाठी पुढे आणलेली ‘माया’ ही उबुंटूवर, म्हणजे पर्यायाने डेबियनच्याच घराण्यावर. यात गैर काही नाही. चांगल्या पायावर घर बांधणे शहाणपणाचेच. पण पाया दुसऱ्याचा असेल, तर तिथे कुणी एक वीट हलवली की ती बातमी आपल्यापर्यंत पोहोचण्याची सोय असायला हवी.

समुद्रावरचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथील कार्यक्रमात मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेला सुरुवात झाली. तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौका, उपग्रहामार्फत संदेश, संकटात मदतीची हाक. योजना स्वागतार्ह आहे. मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे मच्छीमाराला दुसरा आधार नसतो. म्हणूनच प्रश्न विचारायला हवा : पाच वर्षांनी अशा उपकरणातल्या सुरक्षेच्या कोडमध्ये दोष सापडला, तर दुरुस्ती नौकेपर्यंत कशी पोहोचणार? ती कोण बसवणार? आणि उपकरणातल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या, तर त्याचा खर्च कुणाचा? डेबियनच्या प्रकरणात संगणक इंटरनेटला जोडलेले होते, ते चालवणारे तज्ज्ञ होते, तरीही सहा महिन्यांनी तीस टक्के काम उरलेच. देवबागच्या खाडीत नांगरलेल्या होडीकडून त्याहून चांगली अपेक्षा कशी ठेवणार?

दोष कुणाचा?

२००८ मध्ये त्या स्वयंसेवकावर बरीच टीका झाली. ती पूर्णतः न्याय्य नव्हती. त्याने विचारल्याशिवाय ओळी काढल्या नव्हत्या. उत्तर देणाऱ्यांना वाटले, हा तात्पुरत्या तपासणीसाठी विचारतो आहे. त्याला वाटले, संमती मिळाली. मूळ कोडमध्ये त्या ओळी का आहेत, हे पुरेसे स्पष्ट लिहिलेले नव्हते. आणि बदल झाल्यावर तो मूळ लेखकांकडे परत तपासायला गेला नाही. दोन जाणकार एकमेकांवर विसंबले आणि मधली जागा रिकामी राहिली.

खरा प्रश्न त्या जागेत कुणी का नव्हते हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली, की तो नीट कळतो. जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर, ओढायला सगळा जमाव आणि मिळालेल्या मासळीचे वाटे. पण जाळे फाटले तर ते विणायची जबाबदारीही त्याच सगळ्यांची असते. मुक्त सॉफ्टवेअरचे जाळे जगाने सामाईक म्हणून ओढले. मासळी वाटून घेतली. विणकाम मात्र दोन-चार माणसांवर सोडले. हार्टब्लीड उघड झाले तेव्हा जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवहार सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. म्हणजे जाळे फाटून मासळी गेल्यावर सुई-दोरा आणला.

एक गोष्ट मात्र मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने मांडायला हवी. हा कोड सर्वांना खुला होता म्हणून बाहेरच्या माणसाला दोष सापडू शकला, कोणती ओळ कधी गेली याची नोंद सापडली आणि जगाला ते सांगता आले. बंद डब्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये अशाच दोन ओळी गेल्या असतील, तर त्या कधी कळतील याची हमी कुणी द्यायची?

आता काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट सरकारी खरेदीची. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीबाबत तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, तशीच ही यादी : या सॉफ्टवेअरमध्ये कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती. जिल्हा परिषद, नगर परिषद, मत्स्यव्यवसाय विभाग यांनी उपकरण वा प्रणाली घेताना निविदेतच ही यादी मागावी. उद्या एखाद्या लायब्ररीत दोष निघाला, तर आपल्याकडे ती कुठे कुठे आहे, हे शोधायला महिने लागू नयेत.

दुसरी गोष्ट देखभालीची. निविदेत उपकरणाची किंमत असते, उद्घाटनाची तारीख असते. किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार, हे क्वचित असते. ट्रान्सपॉन्डरपासून ग्रामपंचायतीच्या संगणकापर्यंत प्रत्येक खरेदीत अपडेटची मुदत, ते बसवणारा माणूस आणि त्याचा खर्च लिहिलेला हवा. किल्ल्या व प्रमाणपत्रे बदलण्याची पद्धतही त्यातच हवी, कारण नुसत्या अपडेटने काम संपत नाही, हे २००८ ने दाखवले आहे.

तिसरी गोष्ट चाचणीची, आणि ती महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या हातातली आहे. विद्यार्थ्यांना प्रोग्राम चालवून दाखवायला शिकवले जाते. चालत असूनही तो चुकीचा कसा असू शकतो, हे फारसे शिकवले जात नाही. दहा हजार किल्ल्या बनवून त्यांत दोन सारख्या निघतात का, हे पाहणारी चाचणी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही लिहू शकतो. ३२,७६८ शक्यतांतून यादृच्छिकपणे काढलेल्या दहा हजार किल्ल्यांत जोड्या निघणे जवळपास निश्चित असते. अशी साधी चाचणी त्या वेळी कुणी नियमित चालवली असती, तर डेबियनचा दोष कदाचित वीस महिने लपला नसता.

आणि शेवटची गोष्ट खुद्द किनाऱ्याची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, जाळी विणली जातात, इंजिने उघडली जातात. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसात थांबतात आणि होमस्टे रिकामे असतात. बिघाड होवो वा न होवो, दर वर्षी दुरुस्तीसाठी दोन महिने द्यायचे, ही सवय मालवणला नव्याने लावावी लागणार नाही. त्याच दिवसांत राउटर आणि सीसीटीव्हीचे अपडेट पाहणे, ज्यांना अपडेट येणेच थांबले ते बदलणे, जुने पासवर्ड बदलणे, पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या नको असलेल्या प्रती पुसणे, एवढे काम बसवता येईल. पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनांनी आणि नगर परिषदेने त्यासाठी एखाद्या स्थानिक अभियंत्याला दोन महिने नेमले, तरी खर्च फार येणार नाही. होडी बुडाल्यावरच तिची फळी तपासायची, असे किनाऱ्यावर कुणी करत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र अजून तसेच चालले आहे.